दहानंतरची लड

लक्ष्मीपूजन. रात्रीचे साडेदहा.

आत्ताच लिहून ठेवते.

दिल्लीत फटाक्यांवर बंदी, म्हणून दर दिवाळीला मी गच्चीवर फोन धरते अन् धाकटी बहीण शुभा तिकडून आवाज ऐकते. आमच्या रायपुरात आठ ते दहाची परवानगी आहे. यंदा बाबा गेले, वर्ष व्हायचंय, म्हणून घरी फटाके नाहीत. शेजाऱ्यांचेच ऐकवले.

दहा वाजले. पोलिसांची गाडी फिरली अन् सारा पारा-मोहल्ला चूप झाला. फोन कानाला लावला, तर त्यात फटाक्यांची लड वाजत होती. अर्धी. मग थोडं थांबून उरलेली अर्धी.

बाबा लड अशीच मधून तोडून लावायचे. धुरानं मधात खोकायचे.

"शुभे, तुमच्याकडं तर बंदी आहे नं?"

"इथे तो सन्नाटा है, ताई. मी तुमच्याकडचीच ऐकून राहिली." मग हळूच म्हणाली, "मधात खोकललं कोण?"

शेजारचे काका, म्हटलं. काहून खोटं बोलली मी? गच्चीवर मी एकटीच होती.

अन् मले तर फक्त लड ऐकू आली. अर्धी, मग अर्धी. खोकला तिलेच काहून? शेवटपर्यंत बाबांजवळ तर मी होती.