चौदा दिवस आणि लाल भोपळा

३ मार्च, सोमवार
लिहिते आहे कारण बोलायला बंदी आहे. घशाच्या डॉक्टरांनी स्वरयंत्रावरच्या गाठी काढल्या — एकतीस वर्षं शाळेच्या मैदानावर ओरडून कमावलेल्या! चौदा दिवस एक अक्षर नाही, कुजबुजसुद्धा नाही. खाणं थंड आणि मऊ.

हे म्हणाले, "घरात एवढी शांतता! पाहुण्यांकडे उतरल्यासारखं वाटतंय." पाटीवर लिहून उत्तर दिलं. ते इथे लिहीत नाही.

४ मार्च
दुधात भिजवलेला पाव गिळवेना. लेकीची ती भोपळ्याची स्मूदी आठवली. लाल भोपळा, केळं, दूध, चमचाभर पीनट बटर, दालचिनी. चांगली नोकरी सोडून न्याहारीचं दुकान काढलंन, तेव्हा पहिला पेला माझ्यापुढे ठेवला होता. मी म्हणाले, "एवढं शिकवलं ते भोपळे फिरवायला?" पेल्याला हात लावला नाही.

चव ठाऊक नाही मला. दोन वर्षं झाली. ती आली नाही, मीही गेले नाही.

५ मार्च
केली. भोपळा किसून कच्चाच घातला. वीस आकडे मोजून मिक्सर थांबवला. कचकच, हिरवट वास. ओतून दिली.

६ मार्च, गुरुवार
आज उकडून. पाणचट. बटर भांड्याच्या तळाशी चिकटून बसलं, पात्यात येईचना. हे दारातून बघत होते. "अगं, उकडायचा नाही, भाजायचा. आणि बटर सगळ्यात आधी, दुधाबरोबर. ती तसंच करते—"

आणि जीभ चावली.

पाटीवर लिहिलं: ती? कधी?

"दर गुरुवारी."

दर गुरुवारी केस कापायला जातो म्हणून सांगणारा माणूस! डोक्यावर केस आहेत किती? आणि मला शंका येऊ नये! ओरडायला तोंड उघडलं, डॉक्टर आठवले, मिटलं. मग पाटी पुसून लिहिलं: माझ्याबद्दल विचारते?

"विचारत नाही," म्हणाले. "पण मी तुझं काही सांगायला लागलो की हातातलं काम थांबवते."

८ मार्च
भाजला. सालीसकट फोडी, तव्यावर झाकण ठेवून, कडा काळ्या होईपर्यंत. गार केला, साल काढली. आधी बटर आणि दूध, मग केळं, मग भोपळा, चिमूटभर दालचिनी.

दाट, गोड, जरा धुरकट. शेवटी शेंगदाण्याचा खारटपणा जिभेवर राहतो. ओट्याशी उभ्यानेच संपवली. इतकी चांगली होती! आणि मी पेला तसाच टेबलावर ठेवून शाळेत निघून गेले होते.

११ मार्च
रोज करते. दोन पेले होतात. दुसरा हे पितात. त्यांच्यासाठी केलेला नसतो.

१६ मार्च
उद्या बंदी उठेल. तिच्यासमोर काय बोलायचं ते चारदा लिहून काढलं. चारही वेळा मुलांना रांगेत उभं करतानाचा सूर. फाडलं.

१७ मार्च, सोमवार
पहिलं वाक्य: "दूध उतू जातंय." आवाज खालच्या पट्टीतला, परका. हे म्हणाले, "बरा आहे. हाच ठेव."

१८ मार्च
सकाळी सातला बाटली घेऊन तिच्या दुकानात गेले. शटर अर्धं वर. आत खोकी बांधून ठेवलेली. दुकान विकलं तिने. रविवारी निघते, दूरच्या शहरात, एका मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम मिळालंय. बापालाही अजून सांगितलेलं नाही.

"आई! ऑपरेशनचं बाबांकडून कळलं होतं, पण आवाजाला हे काय झालं?"

"सुधारला."

हसली. बाटलीतलं पेल्यात ओतून दिलं, तिने एका दमात संपवलं. "दालचिनी जास्त पडलीय," म्हणाली, आणि रिकामा पेला पुन्हा पुढे केला.

मी दिलं: एक बाटली, दोन पेल्यांची. तिथेच संपली.
तिने दिलं: दुकानातला मोठा मिक्सर, दोन भांडी, पीनट बटरची अर्धी बरणी, आणि एका खोक्याचा फाडलेला पुठ्ठा. त्यावर नवा पत्ता, खाली एक ओळ — "शाळेला सुट्टी लागली की ये. एकटी ये."