यांच्यासाठी घड्याळ

२० नोव्हेंबर १९३६, नांदुरा

जिनमधून यांचं सामान आलं, त्यात ही कोरी वही निघाली. कापसाच्या वजनाची आहे, रकाने पाडलेले. हे तिथे, त्या सरकी काढायच्या कारखान्यात, वजनाचे कारकून होते. वही वाया जाण्यापेक्षा मी लिहीन. मला लिहायला कोणी शिकवलं नाही, पुडीचे कागद वाचत वाचत आलं. ही वही कोणी वाचणार नाही. तेव्हा खरं तेच लिहायचं.

खरं असं. हे मागच्या माघात गेले. दहाव्या दिवशी ज्ञानगंगेच्या काठी कावळा पिंडाला शिवेना. धाकटे दीर उकंडराव वडनेरहून आले होते. ते हात जोडून म्हणाले, "दादा, वावराची काळजी करू नको." कावळा आला नाही. "वयनीले सालभराचं धान्य मी पुरवतो." तरी आला नाही. त्यावर माझाही विश्वास बसला नव्हता. ऊन चढलं. विधी सांगणारे शालिग्राम महाराज घाम पुसू लागले. तेव्हा मी मोठ्यानं म्हटलं, "वर्षसराधाले सोन्याची घडी दान देईन!" आणि कावळा आला.

म्हणजे यांच्या मनातलं मला माहीत होतं. भावाला नाही, मला. वीस वर्षांचा संसार उगाच नाही केला.

संकल्प: माघापर्यंत सोन्याचं घड्याळ. स्विस. त्यात काटकसर करायची नाही.

२३ नोव्हेंबर

खामगावला जाऊन आले. दुकान तेच, काचेमागे घड्याळही तेच. पातळ, सोन्याचं, काळा पट्टा. मोठ्या लोकांनी लग्नाकार्यात कोटाच्या बाहीखाली घालायचं. किंमत एकशे चाळीस.

दुकानदाराला म्हटलं, आमचे हे दर खेपेला या घड्याळासमोर उभे राहत असत. तो म्हणाला, "तुमीच उभ्या राहत होत्या, बाई. ते तं तिकडं लिंबाखाली छत्री घेऊन उभे राहत." दुकानदारांना गिऱ्हाइकं नीट आठवत नाहीत. आणि ज्याला एखादी वस्तू फार हवी असते, तो लांबच उभा राहतो.

मी किती वेळा यांना म्हटलं होतं, एक घड्याळ घ्या, निदान कळेल तरी घरी किती वाजता येता ते. हे म्हणत, "भोंगा हाय ना जिनचा." दर वेळी तेच उत्तर. एवढी इच्छा दाबून धरणारा माणूस मी पाहिला नाही.

जिनच्या मालकानं दिलेल्यातले पन्नास रुपये उरले आहेत. संकल्पात सुधारणा: स्विसच पाहिजे असं काही नाही.

५ डिसेंबर

वर्तमानपत्रात जाहिरात सापडली. अमेरिकन गोल्ड रिस्टवॉच, गॅरंटी दहा वर्षं, सोबत फौंटनपेन, आरसा आणि अत्तराची बाटली मोफत. साडेपाच रुपये. व्ही.पी.नं मागवलं, पार्सल आलं की पोस्टमनला पैसे.

शेजारची गोजरबाई म्हणाली, "साडेपाच रुपयांत तं धड घमेलं येत नाही, माय. सोनं कुठून येईन?" तिला वाचता येत नाही. गॅरंटी म्हणजे काय ते तिला कसं समजावणार? दहा वर्षं असं छापलेलं आहे.

१९ डिसेंबर

घड्याळ आलं. यांच्या मनगटाचा अंदाज घ्यायचा म्हणून माझ्याच हाताला बांधलं. दोन दिवस उत्तम चाललं. तिसऱ्या दिवशी काटे थांबले आणि मनगट हिरवं झालं. गोजरबाईनं हात उलटासुलटा करून पाहिला. म्हणाली, "कावळ्याले दाखवू नको, माय."

कंपनीला कडक पत्र लिहायला बसले. पत्त्याची शाई पुसट आहे, गाव वाचता येत नाही. फौंटनपेन गळतं, हे त्यानंच लिहिते आहे. आरसा चांगला निघाला. मला आता आरसा कशाला हवा?

२ जानेवारी १९३७

शालिग्राम महाराजांकडे गेले. गोदानाला खरी गाय कोण देतं? सव्वा रुपया ठेवला की गाय दिली, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. तेव्हा घड्याळाचंही तसंच काही असेल, असं विचारलं.

महाराज सुपारी कातरत होते. म्हणाले, "गायीच्या ऐवजी सव्वा रुपया चालते, अन्नपूर्णाबाई. घडीच्या ऐवजी घडीच लागते."

असं का, विचारलं. तर म्हणाले, "गाय माह्या घरी बांधाले जागा नाही."

एवढा स्पष्ट बोलणारा ब्राह्मण विरळाच. पण राग आला. गाय केवढी, घड्याळ केवढं!

१४ जानेवारी

संक्रांत. गल्लीतल्या बायका सकाळपासून वाण घेऊन दारावरून जात-येत आहेत. मला बोलावणं नाही. बरंच आहे, त्यात फार वेळ जातो. किती जातो ते घड्याळ असतं तर नक्की सांगता आलं असतं.

१९ जानेवारी

काम झालं! स्टेशन रोडवर वामनराव घड्याळं दुरुस्त करतात. त्यांच्याकडे एका रिटायर झालेल्या गार्डाचं रिस्टवॉच विकायला होतं. पुढून निकल आहे, पण पाठीमागे सोन्याचा मुलामा, अजून पुष्कळ टिकून आहे. मनगटाला लागते ती बाजू सोन्याचीच. बघणाऱ्याचं काय? दान बघणाऱ्यासाठी नसतं. अडतीस म्हणत होते, पस्तीसला दिलं.

"तुमच्यासाठी का, बाई?" वामनरावांनी विचारलं.

"मला काय करायचंय घड्याळ? विधवा बाई मी." असं मी जरा जोरातच म्हटलं असावं. ते घाबरून पट्ट्याला नवीन भोक पाडू लागले. भोक माझ्या मापाचं पडलं, ते चुकून.

२० जानेवारी, सकाळी ७ वाजून ४ मिनिटं

डायलवरचे आकडे इंग्रजी आहेत. एका दुपारीत शिकले. चावी रोज त्याच वेळी द्यावी लागते, नाहीतर मशीन बिघडतं. बंद घड्याळ दान दिलं तर यांना तिकडे बंदच मिळेल. म्हणून श्राद्धापर्यंत ट्रायल घ्यायची, तीही हातात बांधूनच. पेटीत ठेवून ट्रायल होत नाही.

३० जानेवारी, दुपारी ३ वाजून २६ मिनिटं

फार विचार केला. एवढं नाजूक यंत्र महाराजांच्या हाती द्यायचं? ते आंघोळीलासुद्धा काढायचे नाहीत. यांच्या आत्म्याला किती लागेल!

म्हणून तोड काढली. गायीच्या ऐवजी चांदीची लहान गाय देतातच, मग चांदीच्या पत्र्याचं घड्याळ का नको? महाराजांना विचारलं. ते बराच वेळ माझ्या मनगटाकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "पत्रा तरी जाड घ्या."

आज किसनराव सोनाराकडे गेले. त्यानं पत्र्यावर गोल आखला, आकडे घातले. मग विचारलं, "काटे कुठं ठेवू, बाई?"

म्हटलं, यांच्या जाण्याची वेळ ठेवा.

"किती वाजता गेले?"

दुपारी गेले. मी ताक घुसळत होते. हे पलंगावर होते, पाणी मागितलं, मी देते म्हटलं. हात पुसून पाणी घेऊन आले तोवर गेले होते. दोनचा भोंगा झाला होता की व्हायचा होता? मला वाटतं झाला होता. गोजरबाई म्हणते, नव्हता. घरात घड्याळ नव्हतं. आपला माणूस किती वाजता गेला हे मला सांगता येत नाही.

सोनार हातोडी घेऊन वाट पाहत राहिला. मी उद्या येते म्हणून उठले.

८ फेब्रुवारी, संध्याकाळी ७ वाजून ३१ मिनिटं

सोनाराकडे गेले नाही. घड्याळ मात्र नीट चालतं ना, हे श्राद्धाआधी पक्कं करायला हवं. आज मोठी ट्रायल घेतली.

माझं जुनं माप असं: सहाचा भोंगा झाला की मी तुरीची डाळ चुलीवर चढवायची. डाळ शिजून, फोडणी पडून, चार भाकऱ्या होऊन निवल्या की हे दारात येत. वीस वर्षं जिनच्या हंगामात हेच. मी म्हणायची, किती उशीर! हे म्हणत, "उशीर कुठचा? भोंगा झाला अन् निघालो. रस्ताच तेवढा हाय." म्हणजे डाळीला लागतो तेवढाच वेळ रस्त्याला.

आज डाळ-भाकरी घड्याळावर मोजली. एक तास दहा मिनिटं. आणि काल जिनच्या फाटकापासून घरापर्यंत चालत आले होते, ते अकरा मिनिटं.

घड्याळात दोष आहे.

९ फेब्रुवारी, सकाळी ९ वाजून ५० मिनिटं

वामनरावांना फैलावर घेतलं. म्हटलं, हे घड्याळ डाळीला जोरात पळतं आणि रस्त्याला रखडतं, हा काय प्रकार? पैसे घेताना नाही सांगितलंत. त्यांनी स्टेशनच्या घड्याळाशी लावून पाहिलं. अर्ध्या मिनिटाचाही फरक नाही.

"बाई," ते म्हणाले, "घडीले डाळ अन् रस्ता समजत नाही."

उद्धट माणूस.

१५ फेब्रुवारी, संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटं

हे अंगानं जड होते, दिवसभर उभ्यानं वजनं करत, पाय दुखत असतील. म्हणून आज हळू चालून पाहिलं: चौदा मिनिटं. मारुतीच्या देवळात थांबले, पानवाल्यापाशी विनाकारण उभी राहिले, एका ओळखीच्या म्हातारीशी तिच्या सुनेबद्दल बोलले: सत्तावीस मिनिटं. म्हातारी आणखी बोलायला तयार होती, पण हे असल्या बोलण्यात पडत नसत.

त्रेचाळीस मिनिटं उरतात. कुठे तरी बसतील ती.

२१ फेब्रुवारी, दुपारी १ वाजून १२ मिनिटं

उकंडराव श्राद्धासाठी वडनेरहून आले. धान्याचं पोतं आणलं, अर्धंच. माझ्या हातातलं घड्याळ पाहून हसू लागले. म्हटलं, ट्रायल आहे.

"दादा असता तं पयले हे घडी लपवून ठेवली असती त्यानं," म्हणाले.

का, ते विचारलं नाही. जेवायला वाढलं. वाढता वाढता सहज विचारावं तसं विचारलं, जिन सुटल्यावर हे घरी कोणत्या रस्त्यानं येत हो?

भाऊजी जेवणाच्या नादात होते. "रस्ता कायचा, वयनी? टेसनावर बसे तो. मालधक्क्यापाशी बाकडं हाय ना, थ्यावर. मी बजाराले आलो का तिथंच भेटे. म्हने, 'जिनचा भोंगा झाला, आता घरचा होईन. बस घडीभर.'"

मग आपण कोणाशी बोलतो आहोत ते त्यांच्या ध्यानात आलं. पाण्याचा सगळा तांब्या पिऊन टाकला. "मजाकीनं म्हने तो," असं दोनदा म्हणाले. "तुमी काऊन मनाले लावता?"

तिथे कोणाला भेटत, विचारलं.

"कोनाले नाही. गाड्या पाहे."

रोज?

"हाव. घडीभर."

मी आणखी एक भाकरी वाढली. नको म्हणत होते, तरी वाढली.

आपण बोलतो जास्त, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण दिवसभर घरात एकटी असायची मी. संध्याकाळपर्यंत साठायचं. यांनी एकदा म्हटलं असतं, चल, तूही बस, तर मी त्या बाकड्यावर गप्प बसले असते. निदान एक गाडी जाईपर्यंत तरी.

नदीकाठी मी घडी म्हणून ओरडले होते. कावळ्याला तेवढंच ऐकू गेलं असेल. पुढचं 'भर' त्यानं आपल्या मनानं लावलं.

२३ फेब्रुवारी

श्राद्ध झालं. पान वाढलं, वरण केलं. महाराज चांदीच्या पत्र्याची वाट पाहत होते. मी हातातलं घड्याळ सोडलं, ताम्हनात ठेवलं, वर पाणी सोडलं. पाणी काचेत शिरू नये म्हणून महाराजांनी घाईघाईनं उचलून पंच्याला पुसलं. एवढ्या आनंदानं दान घेतलेलं मी पाहिलं नाही. भाऊजी मान खाली घालून बसले होते.

महाराजांनी घड्याळ कानाला लावलं, मग विचारलं, "टाइम बरोबर दाखवते ना, बाई?"

म्हटलं, अगदी बरोबर दाखवतं. फक्त घरी बायकोच्या हाती देऊ नका.