मानेतली गाठ

दौंड, मंगळवार संध्याकाळ

कॅन्सर नाही. यांच्या मानेतल्या गाठीचा रिपोर्ट आला, टीबी आहे. टीबी ऐकून कुणाला आनंद होतो का? मला झाला. गोळ्या नेमानं घेतल्या की बरा होतो. फुफ्फुसंही साफ आहेत.

पुण्याहून येताना गाडीत प्राजू, आमची मायक्रोबायॉलॉजी शिकणारी लेक, बाबांना समजावत होती. टीबीच्या जंतूवर चरबीचं वेष्टण असतं. आपल्या रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या नॅचरल किलर टी पेशी तसली चरबी ओळखतात. असतात मोजक्याच, पण बाकीच्या पेशींना झटकन जागं करतात.

"चरबी दिसली की मारत्यात? मग माझं काय खरं न्हाई," हे पोटावर हात फिरवत म्हणाले.

"जंतूची हो बाबा, तुमची नाही."

किती दिवसांनी हसले. ती गाठ मी चोरून चाचपायची, वाढली का बघायला. आज हात ठेवला तेव्हा वाटलं, आत कुणीतरी यांच्या बाजूनं लढतंय.

फोनवर कळल्याबरोबर सासूबाईंनी यांचं ताट वेगळं काढलं होतं. गाठीचा टीबी ताटातून पसरत नाही, हे प्राजूनं दोनदा सांगितलं.

"आसंल. पर जपाया नको व्हय?"

यांचं जेवण झाल्यावर मी त्याच ताटात भाकरी घेऊन बसले. सासूबाई बघत राहिल्या, मग उठून मला आमटी वाढली.