मधल्या संथ भागात

चि. वरदास,
लंडनच्या पिनरहून दादाचे आशीर्वाद. जेवण वेळेवर होतं, गुडघा बरा आहे. तुझी खोकल्याची तक्रार गेली का?

फोनवर विचारलंस, वहिनीसाठी रडलास का? ती जाऊन तीन महिने झाले, डोळे कोरडेच.

रविवारी अनयने शंभर वर्षांपूर्वीची फ्रेंच सिंफनी ऐकायला नेलं. पहिली सुरावट शाळेतल्या कवितेच्या ध्रुवपदासारखी परत येते, दरवेळी जरा थकून. मधल्या संथ भागात बासरी अशी एकटी वाजली की मी मोठ्यानं "वा!" म्हणालो. सगळं सभागृह वळलं.

"बाबा, श्श! इथे दाद शेवटी द्यायची."

पुण्यात अशा वेळी तुझी वहिनी मला कोपरानं ढोसायची. मी बरगडी आवळून त्या कोपराची वाट बघत बसलो. तेव्हाही रडू आलं नाही रे.

तुझा,
दादा