मशीन उचलत नाही तोवर

८ फेब्रुवारी, रविवार

घरी एकूण पावणेतीन तास. जुईच्या डोक्याला तेल लावलं, एक वेणी झाली, दुसरीचे तीन पेड हातात आणि फोन वाजला. देवगाव रंगारीहून कडूबाभाऊ, आमच्या दूध शीतकरण केंद्राचे ऑपरेटर; तिथलं मशीन बघायचं काम माझं.

"म्याडम, लाईट जाऊन आली. आता मशीन उचलंना. तीनदा पडलं."

"तीनदा? एकदा पडलं की पाच मिनिटं थांबायचं म्हटलं होतं ना?"

"म्या थांबीन हो. दूध थांबंल का?"

फोनवरून सांगून बघितलं, जमलं नाही. संध्याकाळचं दूध पाचला येणार. दोनची बस धरली. जुई सात वर्षांची झाली, आता मी निघताना रडत नाही. अर्धी वेणी हातात धरून दारात उभी राहिली, नि मग आजीकडे पाठ करून बसली. आत्याबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, घातली असेल दुसरी. त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका आहे.

देवगावला पोचले, बटण दाबलं, पहिल्याच वेळी चालू. सगळे खूश. मला मेलीला त्याचाच राग आला.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी सहाला ३३८ व्होल्ट. पाहिजेत ४१५. गव्हाला शेवटचं पाणी चाललंय, शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम चालू होतात नि आमच्यापर्यंत येईस्तोवर काही उरत नाही.

दूध थंड करणाऱ्या आमच्या कॉम्प्रेसरची मोटार तीस हॉर्सपॉवरची. चालू असताना गुणी, पण उठताना पाच-सहापट करंट मागते. तेवढ्यानं व्होल्टेज आणखी बसतं. मोटार नुसती गुरगुरते, वेग घेत नाही, ट्रिप होऊन बंद पडते. स्टार्टर आहे, त्यात टायमर आहे, पण तो नेमल्या सेकंदाला पूर्ण जोर देऊन मोकळा होतो. मोटार तयार आहे का नाही, त्याला काय कळणार.

म्हणून मी हातानं उठवते. आधी बायपासचा व्हॉल्व्ह उघडायचा, म्हणजे गॅस फिरून परत येतो, मोटारीवर दाब नाही. बटण. मग कान द्यायचा. जाड आवाज पातळ झाला की दुसरं बटण, पूर्ण जोराचं. मग बायपास हळूहळू बंद. दोन वर्षं हे माझ्याशिवाय कुणाला नीट जमत नाही, असं सगळे कौतुकानं सांगतात. त्या कौतुकापायी मी इथं एका खोलीत, नि लेक तिथं शहरात, मुकुंदवाडीत. शहरातली पहिली बस इथं आठनंतर पोचते. दूध सहाला. शेवटची बस सातला. दूध साडेसातपर्यंत. बसायला जागा मिळाली तरी वेळ कुठून मिळणार.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

व्हिडिओ कॉल. रेंज नाही, जुईचं तोंड अर्धं हललं नि थांबलं. आवाज चालू होता, चेहरा थांबलेला. "आई, माझा पुढचा दात पडला." दाखव म्हटलं. दाखवला असेल. मला थांबलेला चेहराच दिसत होता, त्यात दात होता.

जुईच्या बाबाला, संदीपला, नंतर मेसेज केला, फोटो टाक. तो शेंद्र्याला कारखान्यात, सेकंड शिफ्टला. राहून गेलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मॅनेजरसाहेबांना तिसऱ्यांदा लिहिलं. सॉफ्ट स्टार्टर द्या, मोटार झटक्यानं न उठवता करंट हळूहळू चढवत नेतो. नाहीतर निदान बायपास आपोआप उघडेल असं करू द्या.

फोन आला. "मॅडम, मशीन बंद आहे का?"

"नाही सर."

"मग? तुम्ही आहात की तिथं."

मी आहे म्हणून अडचण नाही. अडचण नाही म्हणून मी आहे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

संदीपचा फोन दुपारी साडेतीनला. तो शिफ्टमधून कधी फोन करत नाही. "वंदू, जुईला एकशे तीन ताप. डॉक्टर म्हणतात ॲडमिट नको, पण नजर ठेवा. ती तुला विचारतेय." मग म्हणाला, "लई दिवसांनी विचारतेय."

मशीन चालूच होतं. कडूबाभाऊंना म्हटलं, काही झालं तरी बंद करू नका. ते म्हणाले, "जा तुमी. लेकराकडं जा. मशीनची काळजी नगा करू."

बसमध्ये लिहितेय. वेरूळ गेलं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

ताप उतरला. मांडीवर घेऊन बसले होते. तिचा श्वास माझ्या मनगटावर लागत होता. किती महिन्यांनी एवढा वेळ. आत्याबाई म्हणाल्या, "टाक आता खाली, पाय अवघडले असतील." अवघडले होते. टाकलं नाही.

सकाळी साडेसहाला तिकडं लाईट गेली. सातला आली. कडूबाभाऊंनी माझ्यासारखंच सगळं केलं, फक्त दुसरं बटण लवकर दाबलं. स्टार्टर जळाला. दुसऱ्या केंद्रावरून पार्ट येईस्तोवर दुपार. सकाळचं सगळं दूध आंबलं. ओतून दिलं.

मला फोन केला नाही त्यांनी. क्लार्ककडून कळलं. मी केला तेव्हा म्हणाले, "लेकरू कसं हाय?" बाकी काही नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार

परत. गेटवर अनुसयाबाई भेटल्या. दोन म्हशी, वस्तीवरून चालत कॅन आणतात. मला वाटलं आंबलेल्या दुधावरून बोलतील. "मुलगी बरी झाली का, बाई?" एवढंच विचारलं, नि कॅन ठेवून गेल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

साहेबांना कडूबाभाऊंनी लिहून दिलंय, "चूक माझी." मी म्हटलं, भाऊ, असं कशाला? तुम्हाला मी नुसतं दाखवलं, शिकवलं कुठं? आणि कानानं ऐकायचं कसं शिकवतात ते मलाही माहीत नाही.

भाऊंनी मशीनच्या अंगावर थाप मारली. त्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या मेंढरं. बाप सहा-सहा महिने रानोमाळ. "म्याडम, घोड्यावर बिऱ्हाड लादतो ना आमी. ते बसलेलं असलं तर आधी उठू देतो. उठलं, चार पावलं टाकली, मग वझं. बसल्या घोड्यावर कोण लादतं? हे मशीन काय येगळं हाय? त्याला उठू द्या. आन् ते उठलं का नाय, ते त्याचं त्यालाच कळंल असं काय तरी करा. तुमच्या कानावर किती दिस चालंल?"

२४ फेब्रुवारी, मंगळवार

स्टोअरमध्ये जुन्या मशीनचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह सापडला. वीज दिली की उघडतो, काढली की बंद. कॉइल चांगली आहे. दोन टायमर, व्होल्टेज बघून आपोआप चालू-बंद करणारा एक रिले, एक करंट बघणारा रिले. करंट खाली उतरला म्हणजे मोटार उठली. माझा कान हेच ऐकतो, आज कळलं.

वायरिंग कागदावर काढलं. परवानगी विचारली नाही. विचारलं असतं तर "तुम्ही आहात की".

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळच्या नि संध्याकाळच्या दुधाच्या मधल्या वेळात काम. दुपारी मशीन बंद ठेवून गॅस एका बाजूला घेतला, बायपासला व्हॉल्व्ह बसवला, वेल्डर कन्नडहून. पहिली चाचणी. उठलं, पण व्हॉल्व्ह फार लवकर बंद झाला. पडलं. पाच मिनिटं थांब. परत. पडलं. व्हॉल्व्ह उघडा राहायचे सहा सेकंदांचे दहा केले. तरी ३४० व्होल्टला मोटार गुरगुरली नि ट्रिप.

कडूबाभाऊ म्हणाले, "घाई तुमाला हाय, त्याला नाय."

व्हय, घाई मला आहे.

४ मार्च, बुधवार

व्होल्टेज ३५० च्या खाली असेल तर मशीनला प्रयत्नच करू द्यायचा नाही, हे आज जोडलं. थांबेल, वर आलं की स्वतः उठेल. नि व्हॉल्व्ह चौदा सेकंद उघडा. इतके दिवस ३३८ लाही मी उठवत होते, तो माझा हट्ट होता. दूध पाच-दहा मिनिटांनी नासत नाही. हे आधी का नाही कळलं? दर वेळी उठवून दाखवायची सवय लागली होती.

संध्याकाळी कडूबाभाऊंना म्हटलं, तुम्ही दाबा. मी बाहेर थांबते. बाहेर लिंबाखाली उभी राहिले, अनुसयाबाईंच्या कॅनजवळ. आतून क्लिक. जाड आवाज. मी बोटं मुठीत घट्ट धरली, आत पळायचं नाही. आवाज पातळ झाला. दुसरा क्लिक. चौदा सेकंद. मग मशीननं भार घेतला, जमिनीतून पायाला कळलं.

कडूबाभाऊ दारात. टोपी काढून परत घातली.

अनुसयाबाई म्हणाल्या, "आज तुमी न हात लावता?" मी हो म्हटलं. डोळे भरले. आनंद तर होताच. पण आत कुठंतरी असंही झालं की, आता माझी गरज नाही. बाईचं मन काही खरं नाही.

८ मार्च, रविवार

घरी पूर्ण दिवस. फोन वाजला नाही. मीच तीनदा बघितला.

१३ मार्च, शुक्रवार

साहेब आले. नऊ दिवसांत लाईट सात वेळा गेली, सातही वेळा मशीन आपलं आपण उठलं. कडूबाभाऊ अभिमानानं वही दाखवत होते. साहेबांनी पॅनेल उघडून बघितलं, खूप वेळ. मग म्हणाले, "विचारायला पाहिजे होतं मॅडम. पण छान केलंय."

मला वाटलं आता सांगावं, मी घरून रोज ये-जा करते, आठला येते, सातला जाते. तोंड उघडलं तेवढ्यात तेच म्हणाले, "सोयगावच्या केंद्रात हीच गत आहे. तीन महिन्यांत दोन मोटारी जळाल्या. तिथं सॉफ्ट स्टार्टर मंजूर करून घेतो. तुम्ही जा, बसवा, माणसं तयार करा. सहा महिने."

"आणि इथं?"

"इथं आता तुमचं काय काम?" वाईट हेतूनं नाही म्हणाले. खरं तेच म्हणाले. "सोमवारी दहापर्यंत सांगा. नाही म्हणालात तर शहरात सध्या जागा नाही, ते मात्र आधीच सांगतो."

सोयगाव अजिंठ्याच्या पलीकडं. देवगावच्या दुप्पट लांब. दर रविवारीसुद्धा जमणार नाही.

कडूबाभाऊंना सांगितलं. म्हणाले, "म्याच म्हणलं होतं, त्याला उठू द्या म्हणून. नसतं म्हणलं तर बरं झालं असतं." मग थोड्या वेळानं, "नाय. तिथलंबी दूध आंबत आसंल की."

१५ मार्च, रविवार

संदीपला सांगितलं. तो म्हणाला, "मी काही म्हणणार नाही. जा म्हटलं तर तुला वाटेल मी ढकलतोय. राहा म्हटलं तर तुझं शिक्षण, तुझा हात, सगळं घरात बसवल्याचं माझ्या डोक्यावर." खरं आहे त्याचं. पण मला कुणीतरी काहीतरी म्हणायला हवं होतं.

आत्याबाई भाकरी थापत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "पोरीचं मी करीन गं. माझं काही नाही." तव्यावरची भाकरी उलटली. "पण ती माझी व्हायला लागलीय. ते बघ तू."

दुपारी जुईला म्हटलं, आज रात्री माझ्याजवळ झोप. ती विचार करत उभी राहिली. मोठ्या माणसासारखी.

"नको."

"का गं?"

"तुझ्याजवळ झोपले की तू गेल्यावर आजीजवळ झोप येत नाही. मग दोन दिवस लागतात."

राग नव्हता तिच्या बोलण्यात. नुसतं सांगितलं. सात वर्षांच्या पोरीनं दोन दिवस मोजलेत. मी एकदाही मोजले नाहीत.

मला दोन दिवस लागत नाहीत. मला मंगळवार, बुधवार, गुरुवार, सगळेच लागतात. रोज संध्याकाळी दूध संपलं की तिच्या डोक्याचा वास आठवायचा प्रयत्न करते. कधी येतो, कधी फक्त तेलाचा येतो.

१६ मार्च, सोमवार

सकाळचे साडेसात. डोळे उघडले तर जुई माझ्या अंगाला लागून. कधी आली कळलं नाही. आत्याबाईंचं अंथरूण गुंडाळलेलं, त्या मोरीत.

मघाशी झोपेतच म्हणाली, "आजी, पाणी." मी तांब्यातलं दिलं. प्यायली, डोळे किलकिले करून बघितलं.

"तू हायेस?"

"हाये."

"अजून?"

"अजून."

परत झोपली. शाळेला उठवायला हवं. संदीप आंघोळीला गेलाय. फोन उशाशी आहे, साहेबांना दहाला सांगायचंय.

अक्षर वाकडं येतंय, डाव्या हातानं लिहितेय. उजव्या हाताचं बोट तिनं धरून ठेवलंय.