टायरातलं पाणी

कामथडी, अक्षय्य तृतीया, १९४९

सकाळी आईने सुभद्रेच्या नावाने, पितरांना ठेवतात तसा, मातीचा करा पाण्याने भरून ठेवला. बायको गेल्यानंतरची ही पहिलीच आखिती. मी हात जोडले आणि मालकांच्या ट्रॅक्टरकडे गेलो. बघतो तर मागच्या चाकाची हवा गेलेली.

भोरहून रहीमभाई मिस्त्री आले. म्हणाले, "आदी आतलं पानी सोडावं लागंल."

आतलं पाणी! गेल्या उन्हाळ्यात वरच्या उतारावर ट्रॅक्टर कलंडायला बघायचा, म्हणून वजनासाठी मागच्या चाकांत पाणी भरलं. ओढ्यावरून घागरी आणल्या सुभद्रेने. मी नरसाळं धरून सावलीत बसलेला. एकदा तरी उठून तिच्या डोक्यावरची घागर उतरवली का? नाही. "आजून किती वो?" तिने विचारलं, तर मी हसलो. मार्गशीर्षात ती तापाने गेली. तिचं पाणी मात्र आजवर माझ्याबरोबर शेतं नांगरत होतं.

रहीमभाईंनी पाणी सोडलं. ते मातीत जिरताना बघवेना. धावत जाऊन घागर लावली, ती अर्धी भरली. काळपट पाणी, रबराचा वास.

घरी येऊन करा रिकामा केला आणि नरसाळं लावून त्यात ते पाणी ओतलं. आई ओरडली, "आरं, असलं पानी ठिवत्यात व्हय?"

"तिनंच आनलेलं हाय," मी म्हणालो.

बोलून गेलो, आणि मग कळलं काय बोललो ते. आजच्या दिवशीसुद्धा पाणी तिनेच आणलं. माझ्या हातात नुसतं नरसाळं.