दहावं नाव

प्रिय मास्तरीण,

माझ्या लेकाची हाक मी वापरते आहे. रागावायचं तर रागाव, पण पुढे वाच.

ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही. शनिवारच्या आत इथे ये आणि संख्याशास्त्राला नाव घाल, नाहीतर तुझी पदवी बुडाली. फोन तू घेत नाहीस. विहीणबाई घेतात आणि ‘झोपली आहे’ म्हणतात. दुपारीही झोपलेली, संध्याकाळीही झोपलेली. माहेरी जाऊन माणूस विसावतं हे मला कळतं, पण तू विसावत नाहीयेस, बुडते आहेस. म्हणून पत्र. पत्राला कुणी झोपली आहे म्हणून परत पाठवत नाही.

गेल्या आठवड्यात तुमच्या कॉलेजच्या कचेरीत गेले होते. खिडकीतला कारकून म्हणाला, विद्यार्थ्यालाच माहिती देतो. मी म्हटलं, मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून मी उभा जन्म काढलाय आणि ही मुलगी माझी सून आहे, आता बोला. त्याने आधी खुर्ची दिली, मग संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. तुझे सगळे विषय एकाखाली एक, प्रत्येकापुढे त्याचे क्रेडिट, म्हणजे श्रेयांक. सगळे रकाने भरलेले, एकच मोकळा. तोही सक्तीचा. मिळवलेले क्रेडिट सात वर्षं जपून ठेवतात, आणि तुझं सातवं वर्ष या सत्राबरोबर संपतं. मी विचारलं, पुढच्या वर्षी दिला तर? तर पहिल्या वर्षीचे विषय बाद होत जातील, म्हणाला. म्हणजे पुढचं भरावं तर मागचं रितं. वर उदारपणे सांगतो, हवं तर दोन वर्षांची पदविका आजही देतो. मी म्हटलं, ती ठेवा तुमच्या कपाटात. पदवी झाली की प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर तिची सही चालणार आहे. पदविकेवर ती जन्मभर काचेच्या नळ्याच धूत राहील.

आठवतं, लग्नानंतर तू या अभ्यासक्रमाचं माहितीपत्रक घेऊन आलीस तेव्हा मी काय म्हटलं होतं? एक विषय सकाळी, एक संध्याकाळी, एक दुसऱ्याच कॉलेजात, मन लागेना तर वर्षभर सुट्टी, आणि कुणीही, कोणत्याही वयाचं, नुसता एक विषय घेऊन वर्गात बसू शकतं! ही पदवी आहे की ठिगळांची गोधडी, असं म्हणून मी नाक मुरडलं. आमच्या वेळी एकदा आत शिरलं की तीन वर्षांनी पलीकडच्या दारानेच बाहेर. तो हसून म्हणाला होता, आई, थंडी वाजली की गोधडीच लागते.

त्याच्या आजारपणात तू दोन सत्रं सोडलीस, आणि तरी तुझं मागचं काही वाया गेलं नाही. तेव्हा मी मनातल्या मनात त्या गोधडीला हात जोडले. तुला सांगितलं नाही. पुढे इस्पितळाच्या खाटेवर पडून तो तुझी उजळणी घ्यायचा. जंतूंची नावं त्याला उच्चारता यायची नाहीत, आणि तुम्ही दोघं इतके हसायचात की नर्स दटावायला यायची. मी बाहेरच्या बाकावर असायचे. आत यावंसं वाटायचं. पण मी आले की तुम्ही गप्प व्हायचात, म्हणून येत नसे. ते हसू मी भिंतीपलीकडून ऐकलंय, बाई. तो गेल्यावर ते अर्धवट टाकून तू पांघरूण डोक्यावर घेतलंस, हे मला सोसवत नाही.

आता खरं सांगते. तुझा विषय बंदच होणार होता. दहा नावं आली तरच वर्ग भरतो, आणि नऊच आली होती. तशी नोटीससुद्धा तयार होती. दहावं नाव मी माझं घातलं. या वयात संख्याशास्त्र! सोमवारी जाऊन बसले. शिकवणारे सर माझ्या लेकाहून लहान, आणि बोललेलं निम्मं माझ्या डोक्यावरून जातं. पहिल्या दिवशी सरासरी होती. घरात माणसं किती, हे प्रत्येकाने उठून सांगायचं. चार, पाच, दोन असं करत माझ्यापर्यंत आलं, आणि मी म्हटलं, तीन. सरांनी फळ्यावर मांडलं. खोडा म्हणायला तोंड उघडेना. अख्ख्या वर्गाची सरासरी माझ्यामुळे चुकली. शेजारच्या खुर्चीवर मी पिशवी ठेवते, कुणी बसायला आलं की डोळे वटारते, पण शनिवारी नावं बंद झाली की त्या पिशवीला काही अर्थ नाही. अग, मला रागवायला तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. ये. तीन म्हटलं ते खोटंच होतं, पण एक म्हणायची वेळ माझ्यावर आणू नकोस.

तुझीच,
शेवटच्या रांगेतली आई